कोटाची शिवण

मिलानच्या त्या हॉटेलात, तिसऱ्या मजल्यावर,
गाद्या लावून खिडक्या बुजवलेल्या खोलीत
माझं काम एवढंच होतं :
सूर चढला की गायकाला मागे ओढायचं.

रोजचे तीन लिरा, वर दुपारची पोलेंता.

पडद्यातून बाहेर आलेला कर्णा
आणि पडद्यापलीकडे हानोवरचा हेर व्हिटकोप,
उबदार कपाटातून मेणाच्या थाळ्या काढणारा,
सुइणीनं मूल उचलावं तशा.
मेण हळवं असतं, म्हणायचा.
कुजबुजलात तर त्याला ऐकू येत नाही,
ओरडलात तर सुई उडते
आणि अख्खी सकाळ भंगारात.

म्हणून एव्हारिस्तो ब्रुनेल्दी गायचा
आणि मी त्याच्या पाठीशी,
दोन्ही मुठींत त्याचा कोट.
विनवणीला पुढे ढकलायचं. रागाला अर्धं पाऊल मागे.
आणि तो वरचा सूर,
ज्याच्यासाठी पार्मात माणसं खुर्च्यांवर चढायची,
तो यायच्या एक श्वास आधी
सरळ भिंतीपर्यंत.

श्वास मला पाठीतून कळायचा.
बरगड्या उघडायच्या, कापड ताणायचं,
मी ओढायचो.
जगानं त्याचा आवाज कानांनी ऐकला.
मी हातांनी, आणि जगाच्या जरा आधी.

थाळीत मावायची साडेतीन मिनिटं.
थिएटरात सात मिनिटं मरणारा तो शिपाई
आमच्याकडे लगबगीनं मरायचा.
व्हिटकोपचं बोट वर झालं
की आईचं नाव घ्यायलाही सवड नाही.
टाळ्या तर नाहीतच.
शेवटच्या सुरानंतर आम्ही सहाजण
दगड होऊन उभे,
ट्यूबावाल्याच्या नाकावर घामाचा थेंब
लोंबतोय, पडत नाहीये,
सुई उचलली जाईपर्यंत.
मग एव्हारिस्तो कुणाला तरी शिवी हासडायचा.
बहुधा मलाच.

शेवटच्या दिवशी एक थाळी उरली.
त्यानं पियानोवाल्याला हातानंच थांबवलं
आणि त्याच्या किनाऱ्यावरचं एक गाणं धरलं,
जाळी शिवताना त्याची आई म्हणायची ते.
मी बेर्गामोच्या डोंगरातला,
समुद्र तोवर पाहिलेला नव्हता.
तो त्या खोलीत आला,
गाद्यांच्या कापसातून, चपलांखालून,
आणि माझे हात
कोटावर नुसते ठेवलेले राहिले.

सूर वर निघाला होता.
व्हिटकोप पडद्याच्या फटीतून डोळे वटारत होता.
मी भानावर आलो, सगळा जोर लावून ओढलं,
आणि खांद्यापासून काखेपर्यंत
चर्र.

मेण वाया गेलं, मी ठरवूनच टाकलं.
हिशेबही केला किती आठवडे फुकट राबायचं.
व्हिटकोप बराच वेळ थाळीवर वाकून होता,
मग काही न बोलता त्यानं ती पेटीत ठेवली.

ती तबकडी सगळ्यांत जास्त खपली.
तुरीनच्या एका जाणकारानं लिहिलं :
‘इथे गायकाचं काळीज फाटताना ऐकू येतं.’

माझ्या बहिणीनं, झेलिंदानं,
काळ्या दोऱ्यानं तो कोट शिवून दिला.
कॉफीचे पैसे पडतील एवढी मजुरी घेतली.
तो कोट घालूनच एव्हारिस्तो बोटीवर चढला,
आणि दोन वर्षांनी मोंतेव्हिदेओत
त्याचा आवाज बसला तो बसलाच.
पुढे तो काय करायचा, कुणी सांगतं दुकान,
कुणी सांगतं काहीच नाही.

आता इथल्या कॅफेत रविवारी
मालकाचा पोरगा ती तबकडी लावतो.
ती जागा जवळ आली की पत्ते थांबतात,
चमचे थांबतात,
नोटरीची विधवा डोळे मिटून घेते.
मी सांगत नाही.
कशाला सांगू?
गेली काही वर्षं मलाही
ते कापड होतं की दुसरं काही
नीटसं सांगता येत नाही.

फक्त त्याच्या एक श्वास आधी
मी कप हातात घेऊन उठतो
आणि भिंतीपर्यंत मागे सरकतो.
पोराला वाटतं, म्हाताऱ्याचे गुडघे आखडलेत.
तो खुर्ची पुढे करतो.